चटणीचा लगदा, कच्च्या कडांची भाकरी आणि मुका साउंडबार : सोलापूरकरांनो, या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली यंत्रं महिन्याभरात दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर येतात, पण ती सगळी बिघडलेली असतातच असं नाही. ‘बंद पडला’ म्हणून आणलेला मिक्सर तळाचं लाल बटण दाबलं की फिरू लागतो. ‘आवाजच येत नाही’ अशी तक्रार असलेल्या साउंडबारची वायर टीव्हीच्या भलत्याच खाचेत खोचलेली निघते. खरी गडबड वेगळीच असते. ही यंत्रं ज्या घराचा विचार करून बनवली जातात, त्या घरात रोज ज्वारीची भाकरी होत नाही, नळाला काही दिवसांआड पाणी येत नाही, बोअरचं जड पाणी वापरावं लागत नाही आणि मे महिन्यात स्वयंपाकघरातला पारा चाळिशीच्या वर जात नाही. आपल्याकडे हे सगळं आहे. म्हणून खोक्यावरचे आकडे वाचण्याआधी आपलं घर बघा.

मिक्सर : वॅट विचारता, भांडं कोण बघणार?

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘५०० वॅटचा की ७५०चा?’ वॅट म्हणजे मोटर किती वीज ओढते याचा आकडा. चटणी कशी होणार हे मात्र भांड्याचा आकार आणि पात्याची ठेवण ठरवते. चौघांच्या घरात इडली-डोशाचं पीठ आठवड्यातून एकदा आणि बाकी वाटणघाटण एवढंच असेल तर ७५० वॅट पुष्कळ झालं. १००० वॅटचा मिक्सर घेऊन त्याच्या दीड लिटरच्या भांड्यात वाटीभर दाणे टाकले, तर ते पात्याच्या वर उडत राहतात आणि वाटले जातच नाहीत.

आता शेंगा चटणी. ही मुळात कुटायची वस्तू. उखळात मुसळाच्या घावाने दाणा चेपला जातो, तेल हळूहळू सुटतं, चटणी तेलकट होते तरी रवाळ राहते. मिक्सरचं पातं चेपत नाही, कापतं, आणि तेही मिनिटाला १८-२० हजार फेऱ्यांच्या वेगाने. भांडं तापतं, तापलेल्या दाण्यातून तेल एकदम बाहेर पडतं, खाली पात्याला लगदा चिकटतो आणि वरचे दाणे अख्खेच राहतात. मग आपण मिक्सर आणखी चालवतो. लगदा आणखी घट्ट होतो, मोटरवर ताण येतो आणि मिक्सर गप्प.

यात तीन चुका एकदम झालेल्या असतात: दाणे गरम होते, भांडं गच्च भरलं होतं आणि मिक्सर सलग फिरवला. दाणे भाजून, साल पाखडून, पूर्ण गार होऊ द्या. घाई असेल तर पंख्याखाली ताटात पसरा. लसूण, जिरं, मीठ आणि तिखट आधी फिरवून घ्या. मग दाणे घाला, तेही लहान भांड्यात निम्म्यापर्यंतच. बटण पल्सवर ठेवा, दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, चमच्याने खालचं वर करा, पुन्हा फिरवा. पाच-सहा झटक्यांत काम होतं. उखळाची चव येते का? नाही येत. पण मिक्सरच्या चटणीत ही सगळ्यात जवळची. आणि दोन-तीन किलो करायची असेल, तर सरळ गल्लीतल्या कांडपवाल्याकडे जा. घरगुती मिक्सर त्या कामासाठी नाहीच.

मिक्सर थांबलाच तर घाबरू नका. प्लग काढा, भांडं उतरवा, मोटर गार होऊ द्या, मग तळाचं लाल बटण दाबा. ते बटण मोटर जळू नये म्हणूनच दिलेलं असतं. बटण दाबूनही हुं आवाज येतो पण पातं फिरत नाही, असं झालं तर पातं हाताने (प्लग काढून!) फिरवून बघा. पातं घट्ट बसलं असेल तर दोष भांड्याच्या बुशमध्ये (पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) आहे. पातं सैल फिरतं, मोटरही फिरते, पण दोघांचा मेळ बसत नाही, तर कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी चकती, झिजलाय; ही स्वस्तातली दुरुस्ती. जळका वास आणि धूर आला तरच मोटरची शंका घ्या. वॉरंटीचा कागदही आधी वाचा. ‘५ वर्षं’ हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते बहुधा फक्त मोटरचं. भांडी, कपलर, गॅस्केट त्यात नसतात, आणि रोजच्या वापरात जातात ती नेमकी हीच.

भाकरी आणि इंडक्शन

इंडक्शन चांगली वस्तू आहे. दूध, चहा, भात, आमटी, सगळं झटपट. पण तिच्यावर भाकरी करायच्या आशेने घेणार असाल, तर थांबा. इंडक्शनमध्ये काच तापत नाही, खालच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याचा बूडच तापतो, आणि तोही कॉइल जेवढी रुंद तेवढ्याच गोलात. आपला लोखंडी तवा त्याच्याहून मोठा असतो. मधोमध भाकरी करपते, कडा कच्च्या. कडक भाकरी करायची म्हटली तर आणखीच पंचाईत, कारण तिला मंद आणि सगळीकडे सारखी धग लागते, आणि कडा कापडाने दाबत फिरवावी लागते. शिवाय तव्यावरून काढून विस्तवावर फुगवायची सोयच नाही. भाकरीसाठी गॅसची एक शेगडी राहू द्या. इन्फ्रारेड शेगडीवर जाळी ठेवून थोडंफार जमतं, पण काच लालबुंद होते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. लहान मुलं असलेल्या घरात विचार करून घ्या.

भांडी चालतील का हे बघायला फ्रिजवरचं चुंबक पुरेसं. बुडाला घट्ट चिकटलं तर चालेल. ॲल्युमिनियमचा साधा कुकर, पितळी पातेलं, तांब्याच्या बुडाची भांडी यांवर इंडक्शन नुसती टुकटुक करून एरर दाखवेल. कुकर नवा घेणार असाल तर इंडक्शन बेसबरोबर आयएसआय खूणही तपासा. घरगुती प्रेशर कुकरला ती २०२१ पासून सक्तीची आहे, तरी बिनखुणेचे कुकर विकल्याबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांवर कारवाई केल्याची उदाहरणं आहेत.

उन्हाळ्यात इंडक्शन मध्येच बंद पडते ही नेहमीची तक्रार. तिच्या पोटात पंखा असतो आणि तो खालून हवा घेतो. खाली प्लॅस्टिकचं कापड किंवा वर्तमानपत्र अंथरलं की हवेची वाट बंद. आधीच खोलीत चाळीस अंश, मग यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. खाली काही अंथरू नका, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि स्वयंपाक झाल्याबरोबर भिंतीवरचं बटण बंद करू नका. आतला पंखा थांबेपर्यंत थांबा.

यात विजेचा मुद्दा मोठा आहे. साधा लहान सॉकेट ६ अँपियरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. इंडक्शन २००० वॅटची, एअर फ्रायर बहुतेक १२०० ते १७००. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावले की पिना काळ्या पडतात, प्लॅस्टिक वितळतं. जाड पिनांचा १६ अँपियरचा सॉकेट आणि त्याला जाड वायर, ही तयारी यंत्र घरात यायच्या आधी. जुन्या वाड्यात राहत असाल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही तपासून घ्या. भांड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर वापर लगेच थांबवा.

एअर फ्रायरमध्ये भजी नको

जाहिरातीत सगळंच कुरकुरीत दिसतं. पण एअर फ्रायर म्हणजे जोराचा पंखा असलेली छोटी भट्टी. पातळ पिठात बुडवलेली भजी त्यात टाकली की पीठ जाळीतून खाली गळतं आणि बटाट्याच्या चकत्या नुसत्या भाजून निघतात. बटाटावड्याचंही तेच. कोरडं आवरण असलेले पदार्थ, पनीर, चिकन, पापड, कोथिंबीर वडीचे काप, शिळ्या समोशाला पुन्हा कुरकुरीतपणा आणणं, हे त्याचं खरं काम. टोपलीत एकावर एक थर लावू नका, हवा फिरली नाही तर पदार्थ वाफवला जातो.

शेंगदाणे त्यात छान भाजले जातात, १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. फक्त आधीची सुटी सालं पाखडून टाका. वाऱ्याने ती वर उडून तापलेल्या कॉइलवर बसतात आणि घरभर जळका वास. रिकाम्या टोपलीत नुसता बटर पेपर ठेवून यंत्र तापवणंही याच कारणाने धोक्याचं.

पांढरा थर

बोअरचं पाणी वापरत असाल तर केटलच्या तळाशी पांढरं पापुद्र्यासारखं जमणारच. ते खरवडू नका. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून उकळा, अर्धा तास ठेवा, ओता, मग नुसतं पाणी एकदा उकळून टाका. डिशवॉशर घेणाऱ्यांनी त्यासाठीचं खास मीठ न चुकता भरावं, खाण्याचं मीठ चालत नाही.

आरओ मात्र शेजाऱ्याने घेतला म्हणून घेऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आधी पाणी मोजून घ्या. नळाचं पाणी या मर्यादेच्या बरंच खाली असेल तर यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं यंत्र) आणि गाळणीवर भागतं. टँकर-बोअरच्या पाण्याला आरओ लागेल, पण त्यातून वाया जाणारं पाणी बादलीत धरा. ते फरशी पुसायला चालतं.

टीव्ही : दुकानातलं चित्र घरी येत नाही

शोरूममध्ये टीव्ही भगभगीत लावलेले असतात. घरी आणल्यावर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये चुकून ‘स्टोअर’ किंवा ‘डेमो’ मोड निवडला गेला, तर तुम्ही कितीही वेळा रंग कमी करा, थोड्या वेळाने चित्र पुन्हा भडक. सेटिंगमध्ये जाऊन ‘होम’ मोड करा, चित्र ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर ठेवा. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागला तर मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा. क्रिकेट बघताना हवं तर चालू.

४३ इंची टीव्हीसाठी पाच-सहा फूट, ५५ इंचीसाठी सात-आठ फूट अंतर बरं पडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या हॉलमध्ये सगळे टीव्हीसमोर बसत नाहीत. आजी पलंगावर बाजूला, पोरं खाली चटईवर, कुणी स्वयंपाकघराच्या दारात. अशा घरात आयपीएस पॅनेल घ्यावं, बाजूनेही रंग उतरत नाहीत. अंधारात समोर बसून सिनेमा बघणाऱ्यांना व्हीए पॅनेलचा काळा रंग आवडेल. विक्रेता हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या किमतीशी ताडून ‘सूट’ दाखवली जात असेल तर हिशेब नीट करा.

वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की नुसता टीव्ही बंद करून भागत नाही. विजेचा लोट डिशच्या किंवा इंटरनेटच्या वायरीतूनही येतो. प्लग आणि त्या वायरी दोन्ही काढा.

साउंडबार का बोलत नाही

एचडीएमआय वायर टीव्हीच्या ज्या खाचेवर ‘एआरसी’ (ARC) किंवा ‘ईएआरसी’ (eARC) लिहिलंय त्यातच हवी. बाकीच्या एचडीएमआय खाचांतून टीव्हीचा आवाज बाहेर जात नाही. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. तरी आवाज नसेल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (आवाजाचा साधा प्रकार) करून बघा. शेवटचा उपाय, दोन्हींचे प्लग दोन मिनिटं काढून पुन्हा लावणं, आणि तो बऱ्याचदा लागू पडतो.

आवाज येतो पण संवाद घुमतात, ही तक्रार शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंतींच्या हॉलमध्ये हमखास. यावर महागडा साउंडबार हे उत्तर नाही. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, समोरच्या भिंतीवर आपली सोलापुरी वॉल हँगिंग. आपल्याच गावचा माल, फरक कानाला लगेच कळतो. सबवूफर अगदी कोपऱ्यात ढकलू नका, धमधम वाढते आणि शेजारी उठतात.

साउंडबारच्या वॅटचे आकडे वाचताना ‘आरएमएस’, म्हणजे सलग मिळणारी ताकद, बघा. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारो वॅट निव्वळ कागदावरचे. प्रोजेक्टरचंही असंच: ‘फुल एचडी सपोर्ट’ म्हणजे प्रोजेक्टर फुल एचडी आहे असं नव्हे, ‘नेटिव्ह’ (यंत्राचं स्वतःचं) रिझोल्यूशन विचारा, आणि उजेड एएनएसआय ल्यूमेन्स या प्रमाणित मापात. गच्चीवर मॅच लावायची असेल तर ऊन पूर्ण उतरेपर्यंत काही दिसणार नाही, तेवढी मनाची तयारी ठेवा.

बिल, खोकं, सर्व्हिस

ऑनलाइन घ्या की नवी पेठेतून घ्या, त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे का हे फोन करून विचारा. ‘पुण्याहून माणूस येईल’ म्हणजे आठवडा गेला समजा. मोठा टीव्ही असेल तर डिलिव्हरीवाल्यासमोर खोकं उघडून चालू करून बघा, उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिलावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. भिंतीवर टीव्ही ओळखीच्या पोराकडून लावून घेतला आणि पॅनेल तडकलं तर कंपनी हात वर करते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मराठीतही तक्रार घेतो. फोन लावण्याआधी बिल, ऑर्डर नंबर आणि तक्रारीच्या तारखा कागदावर लिहून जवळ ठेवा.