नव्या बुलेटमध्ये जुनी डुगडुग शोधताय? या चुका टाळा

गॅरेजवर नवी बुलेट घेऊन आलेला हमखास म्हणतो, "दादा, जुन्या बुलेटसारखा आवाज काढून द्या ना." आणि नजर सायलेन्सरवर. पहिली चूक तीच.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची डुगडुग यायची पोटातून. ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) आणि भलंमोठं जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चाक. त्या वजनाच्या जोरावर इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवरही रेंगाळत चालायचं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात ठोके. इतके विरळ ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. रेस वाढवली की त्यांचीच घरघर होते. २०२० मध्ये रॉयल एन्फील्डच्याच मीटिअर गाडीबरोबर आलेल्या आणि आता नव्या बुलेटमध्ये असलेल्या ३४९ सीसी इंजिनात स्ट्रोक ८५.८ मिमी आहे, शिवाय थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. थरथर गेली. आणि खरं सांगायचं तर निम्मा 'आवाज' आपण हँडल-सीटमधूनच ऐकत होतो.

सायलेन्सरची जाळी कापली तर आवाज फक्त मोठा होतो, जुना होत नाही. वर थ्रॉटल सोडल्यावर फटफट फटाके, शेजाऱ्यांच्या शिव्या आणि पोलिसांची पावती.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत दुसरी खोड दिसते: ठोके लांबवायला आयडलिंगचा (रेस न देता इंजिन चालू ठेवण्याचा) स्क्रू इतका कमी करायचा, की गाडी मरता मरता जगते. ऑइल पंप इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालतो. फेऱ्या घटल्या की बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला, तेल कमी पोचतं. ऐकायला गोड, पण पुढे इंजिन खोलायची वेळ येते.

टॅपेटची टिकटिक बंद करायला पुशरॉड (टॅपेटपासून वर व्हॉल्व्हकडे जोर पोचवणारी दांडी) आवळणारेही आहेत. इंजिन थंड असताना, व्हॉल्व्ह बंद स्थितीत, पुशरॉड चिमटीत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. अडकला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. कास्ट आयर्ननंतरच्या, ३४९ सीसीच्या आधीच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर आपोआप जुळणारे टॅपेट आहेत, तिथे हा खटाटोप करूच नका.

आवाज अचानक बदलला तर इंजिन खोलायच्या आधी मडगार्ड, चेन कव्हर, सायलेन्सरचे बोल्ट हाताने दाबून बघा. दाबल्यावर खडखड थांबली तर पाना पुरेसा आहे. थंड इंजिनात टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब? बेंड पाइप (इंजिनातून निघणारा धुराचा पाइप) जिथे सिलिंडर हेडला बसतो तिथे काळी काजळी दिसते का पाहा. दिसली तर तिथून गळती आहे. टॅपेटला हात लावू नका.