मालिकेतलं ऑटिस्टिक पात्र: कसं पाहावं, कसं ऐकावं

मी मालिकांचं ध्वनिसंकलन करते. संवाद स्वच्छ करायचे, मागची घरघर काढायची, दार लावल्याचा किंवा कप ठेवल्याचा आवाज नेमक्या जागी बसवायचा, हे माझं रोजचं काम. माझा मोठा भाऊ ऑटिस्टिक आहे. मी दिवसभर जे आवाज पुसत असते, तेच त्याला दिवसभर ऐकू येत असतात.

दादा आता ४१ वर्षांचा आहे. निदान झालं तेव्हा तो २७ चा होता. तोवर घरात त्याच्यासाठी एकच शब्द होता, हट्टी. पाहुणे यायचे म्हटलं की तो कानांवर हात दाबून आतल्या खोलीत जायचा आणि आई म्हणायची, माणसं आली की याचं हे असंच. मी नऊ वर्षांची असताना एकदा त्याच्या शेजारी जमिनीवर बसले होते. त्याने कान झाकले आणि चार-पाच सेकंदांनी बेल वाजली. लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज त्याला आत बसून ऐकू येत होता आणि त्यावरून आता बेल वाजणार हे कळत होतं. माणसांचा त्याला त्रास नव्हताच, त्रास त्या कर्कश बेलचा होता. मी आईला सांगितलं, आईने बेल बदलली. पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा दादा बाहेरच्याच खोलीत बसून राहिला.

मालिका पाहण्याची माझी सगळी पद्धत त्या बेलपासून सुरू होते. पडद्यावरचं ऑटिस्टिक पात्र काही वेगळं वागलं की मी एकच गोष्ट शोधते: या वागण्याचं कारण मालिकेला माहीत आहे का? कारण माहीत नसलं की लेखक फक्त लक्षणं लिहितो. मग पात्राच्या जागी लक्षणांची यादी चालताबोलताना दिसते.

ऑटिस्टिक माणसासाठीचा आपला मराठी शब्दही इथे थोडी दिशाभूल करतो. स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेला. मूळ शब्दाचंही तेच झालं. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणाला ऑटिझम म्हटलं आणि १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तो शब्द उचलला. दादाच्या बाबतीत तो उलटा पडतो. बाहेरचं सगळं त्याच्यापर्यंत गाळणी न लागता पोहोचतं, अडचण होते ती त्यामुळे. म्हणून मी ऑटिस्टिक हाच शब्द वापरते. मालिका पाहायला बसताना 'हा आपल्याच जगात असतो' हे वाक्य मनातून काढून टाका. ते डोक्यात असलं की पुढचं काही दिसत नाही.

आधी आवाज बंद करून पाहा

ज्या प्रसंगात हे पात्र आणि आणखी किमान दोन माणसं आहेत असा प्रसंग निवडा. आवाज पूर्ण बंद करा. पात्र काही बोललं की कॅमेरा कुठे जातो ते बघा. बहुतेक वेळा तो लगेच दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर जातो: सहकारी हसू दाबतोय, बहीण ओशाळली आहे, डॉक्टर कौतुकाने बघतायत. अशा प्रतिक्रियेच्या शॉटमधून आपल्याला काय वाटायला हवं ते ठरवून दिलेलं असतं. मग उलटं मोजा. दुसरं कुणी बोलल्यावर कॅमेरा किती वेळा या पात्राच्या चेहऱ्यावर येतो? एका भागात तो दोन-तीन वेळाही आला नाही, तर ही गोष्ट त्याची नाही, त्याच्या भोवतालच्या माणसांची आहे. तशी गोष्ट सांगायला हरकत नाही, पण आपण कुणाची गोष्ट पाहतोय हे तरी कळतं.

आवाज बंद असताना हातांकडेही नीट लक्ष द्या. बोटं हलवणं, झुलणं, एखादी वस्तू चोळत राहणं याला स्टिमिंग म्हणतात. दादा खूश असतो तेव्हा अंगठा एकेका बोटाच्या टोकाला हलकेच लावत जातो. विचार करत असतो तेव्हा शर्टाची शिवण चिमटीत धरतो. घाबरला की हात मांड्यांवर सपाट, घट्ट. घरात आम्ही त्याचा चेहरा नाही, हात वाचतो. ज्या नटाचे हात आनंदात, भीतीत आणि कंटाळ्यात सारखेच हलतात, त्याने हालचाल पाठ केली आहे, तिचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नाही.

मग डोळे मिटून ऐका

हा भाग माझ्या कामाचा, म्हणून सविस्तर सांगते.

चित्रीकरणाच्या प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. पंखा, एसी, दिवे, बाहेरचा रस्ता. या शांततेला आम्ही रूम टोन म्हणतो आणि सेटवर सगळ्यांना गप्प बसवून ती अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवतो. नंतर संवादांच्या मधल्या फटी तिने भरायच्या, पण इतक्या बारीक आवाजात की प्रेक्षकाला ती जाणवू नये. संवाद पुढे आणि बाकी सगळं मागे ही उतरंड लावणं म्हणजेच माझं काम. तुमचा मेंदू ही उतरंड आपोआप लावतो, म्हणून गर्दीतही समोरच्याचं बोलणं तुम्हाला वेगळं ऐकू येतं.

गेल्या वर्षी मी एका मालिकेवर काम करत होते. तिच्यात एक ऑटिस्टिक मुलगा होता. गर्दीत तो कोसळतो त्या प्रसंगासाठी मला सांगण्यात आलं, सगळे आवाज हळूहळू वाढव आणि शेवटी कानात वाजते तशी बारीक शीळ टाक. ही शीळ तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल. बॉम्ब फुटल्यावर तीच असते, अपघातानंतरही तीच. मी दादाला विचारलं, तुला असं होतं का? त्याने फोनवर टाइप करून उत्तर दिलं: 'शीळ नाही. सगळे आवाज एकाच अंतरावर येतात.'

या एका वाक्याने त्या प्रसंगाचा सगळा आवाज मला नव्याने बसवावा लागला. आवाज मोठे करण्याची गरजच नव्हती, उतरंड मोडायची होती. तीन टेबलं पलीकडचा चमचा, शेजारच्या बाईची बांगडी, दिव्याची गुणगुण आणि आईचं बोलणं, सगळं सारख्याच पातळीवर. ऐकताना मला स्वतःला आईचं वाक्य अर्ध्यावर सुटलं. असा प्रसंग तुमच्यासमोर आला की हेच तपासा. आवाज नुसता वाढतोय, की तुम्हालाही काही क्षण समोरचं बोलणं पकडता येत नाहीये? दुसरं होत असेल तर त्या टीममधल्या कुणीतरी कुणालातरी नीट विचारलं आहे.

मेल्टडाउन दिसला की दहा मिनिटं मागे जा

पात्र ओरडतं, वस्तू फेकतं, जमिनीवर बसतं. तिथेच थांबवा आणि दहा मिनिटं मागे जा. कारण पेरलेलं आहे का ते शोधा. बदललेला बेत, न जेवता गेलेला दिवस, लागोपाठ तीन माणसांशी जमवून घेतलेलं बोलणं. मेल्टडाउन म्हणजे ताण असह्य होऊन ताबा सुटणं, हट्ट नव्हे. हट्टाला समोर प्रेक्षक लागतो आणि हवी ती वस्तू मिळाली की तो संपतो. मेल्टडाउन रिकाम्या खोलीतही होतो आणि तो थांबवणं त्या माणसाच्या हातात नसतं.

अमेरिकी 'द गुड डॉक्टर'चं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. २०१३ च्या कोरियन मालिकेवरून ती झाली आणि २०१७ ते २०२४ या काळात तिचे सात सीझन आले. दुसऱ्या सीझनमध्ये शॉन मर्फी हा तरुण ऑटिस्टिक डॉक्टर वरिष्ठाच्या खोलीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडतो. तेवढाच तुकडा २०२३ मध्ये जगभर फिरला आणि लोक त्यावर पोट धरून हसले. कथेत त्याला शस्त्रक्रियेच्या कामावरून काढून पॅथॉलॉजीत टाकलेलं असतं. ज्या एका कामावर त्याने आयुष्य उभारलं तेच काढून घेतलेलं असतं. अभिनय पटो न पटो, कारण तिथे होतं. तुकडा कापणाऱ्याने ते कापून टाकलं. आमच्या घरात बेल बदलेपर्यंत नेमकं हेच होत होतं, आम्हाला फक्त शेवटचा तुकडा दिसत होता. म्हणून कुणी असा तुकडा पाठवला तर पुढे ढकलण्याआधी पूर्ण भाग पाहा.

जे दिसत नाही त्याचाही विचार करा. मेल्टडाउननंतर काय होतं? बऱ्याच मालिकांत दुसऱ्या मिनिटाला पात्र मिठीत असतं आणि संगीत सुरू होतं. दादाला नंतर दोन दिवस बोलता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या २०२२ च्या 'हार्टब्रेक हाय'मध्ये क्विनी नावाच्या मुलीचं बोलणं अशाच एका असह्य दिवसानंतर बंद होतं आणि मालिका तिला घाईने बोलती करत नाही. ही भूमिका करणारी क्लोई हेडन स्वतः ऑटिस्टिक आहे. तो भाग पाहताना माझी आई पहिल्यांदा म्हणाली, 'हे आपल्याकडच्यासारखं आहे.'

बुद्धिमत्तेचं काय करायचं

पडद्यावरच्या ऑटिस्टिक माणसाला हमखास काहीतरी अचाट येत असतं. खऱ्या आयुष्यात अशी विलक्षण कौशल्यं सुमारे दहातल्या एकाकडे असतात, असा अंदाज अनेक वर्षं सांगितला जातो. म्हणजे उरलेले नऊ कथेतून गायब. मला याचा राग येतो. कारण मग त्या नऊ जणांच्या घरी विचारलं जातं, 'याला काय येतं?' दादाला पाठांतर येत नाही, गणित बेताचं आहे. तो एका कार्यालयात जुने नकाशे स्कॅन करून त्यांची नोंद ठेवतो आणि संध्याकाळी घरी येतो. एवढ्यावर कुणी मालिका लिहीत नाही.

२०२२ च्या कोरियन 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू'ची नायिका कायद्याची कलमं तोंडपाठ असलेली वकील आहे, तिलाही हाच प्रश्न लागू होतो. पण ती मालिका तिसऱ्याच भागात तिच्यासमोर एक असा ऑटिस्टिक तरुण आणून बसवते की ज्याच्याशी तिलाही बोलता येत नाही. आपण दोघं एकाच शब्दाखाली येतो आणि तरी किती वेगळे आहोत, हे तिला दिसतं. कथेत दुसरं ऑटिस्टिक पात्र आहे का, हे म्हणूनच जरूर बघा. एकटंच असलेलं पात्र साऱ्या ऑटिस्टिक माणसांचं प्रतिनिधी होऊन बसतं. त्याच वर्षीच्या 'अ‍ॅज वी सी इट'मध्ये तर एकत्र राहणारे तिघे आहेत, तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे, आणि तिघांच्या भूमिका ऑटिस्टिक कलाकारांनीच केल्या आहेत. ती एकाच सीझनमध्ये संपली याची मला हळहळ आहे.

छंदाबद्दल वेगळं सांगायला हवं. वूला देवमासे, अमेरिकी 'अटिपिकल' मालिकेतल्या सॅम या ऑटिस्टिक मुलाला पेंग्विन. छंद नुसता शोभेला टांगलाय की पात्र त्यातून काही सांगतंय, ते बघा. दादाचा विषय लिफ्ट. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर तो मला तासभर एलिशा ओटिस यांच्याबद्दल सांगत होता. १८५४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात ते लिफ्टच्या पाटावर उंच उभे राहिले, दोर कापायला लावला आणि ब्रेकने पाट जागच्या जागी धरला. मी चिडून म्हटलं, 'दादा, आत्ता हे काय?' तो म्हणाला, 'दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही.' तो मला धीर देत होता. मला ते कळायला सात-आठ वर्षं लागली.

गैरसमज दोन्हीकडून होतो, हे मालिका क्वचित दाखवतात. संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं: ऑटिस्टिक माणसाला इतर लोक कळत नाहीत असं आपण म्हणतो, पण इतरांनाही तो कळत नसतो. म्हणून प्रसंगात फजिती झाली की विचारा, चूक कुणाच्या खाती मांडली गेली? नेहमी एकाच्याच खाती मांडली जात असेल तर लेखकाने दुसरी बाजू ऐकलेली नाही.

भूमिका कुणी केली, लिहिताना कुणाला विचारलं, हे श्रेयनामावलीत शोधा. 'अटिपिकल'च्या २०१७ च्या पहिल्या सीझनवर याच मुद्द्यावरून टीका झाली आणि पुढच्या सीझनांत ऑटिस्टिक कलाकारांना भूमिका मिळाल्या. टीकेचा उपयोग होतो.

सोबत पाहताना

घरात ऑटिस्टिक माणूस असेल आणि त्याला पाहायचं असेल, तर आवाजाचा रिमोट त्याच्या हातात द्या. सबटायटल्स लावा. पाहताना त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बसू नका. हे मी बरीच वर्षं केलं आणि त्यामुळे तो उठून जायचा. भाग संपताच 'कसं वाटलं?' विचारू नका. दादाचं उत्तर दोन दिवसांनी येतं, कधी चौथ्या दिवशी, बहुतेक वेळा कागदावर.

माझ्या त्या मालिकेचा एक भाग मी त्याला प्रसारणाआधी दाखवला. त्यात मुलगा बाहेरचा आवाज कमी करणारा हेडफोन लावतो आणि मी सगळा आवाज बंद केला होता, पूर्ण शांतता. सगळ्यांना ते फार आवडलं होतं. तिसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी होती: 'हेडफोन लावला की पंखा जातो. माणसांचं बोलणं राहतं. तू दोन्ही काढलंस.'

बरोबर होतं ते. असे हेडफोन एकसुरी घरघर चांगली मारतात, बोलण्यातले चढउतार त्यांना तितके आवरत नाहीत. मला हे कामावरून माहीत होतं आणि तरी मी शांतता टाकली होती. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन मी तो प्रसंग पुन्हा उघडला, पंखा काढला आणि बोलणं ठेवलं.