पावसात स्टेशनवर बाइक ठेवून जाताना
रत्नागिरी स्टेशन कुवारबावला, शहरापासून लांब. म्हणून बाइक तिथेच ठेवून पुढे जाणारे आपण बरेच जण. पार्किंगची पावती डिकीत ठेवू नका, भिजून लगदा होतो. आधी मोबाइलवर फोटो काढा. आणि माडाखालची सावली नकोच. माझ्या टाकीवर नारळ पडलाय, पोचा अजून आहे.

दोन दिवसांसाठी जात असलात तरी चार दिवसांचे पैसे किती होतील ते विचारून ठेवा. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली, तेव्हा वाहतूक जवळपास २४ तास ठप्प होती. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की कोकण रेल्वेवर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात, म्हणजे उशीर धरूनच चला. घरातून निघण्याआधी १३९ ला फोन करा.

गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि जायचंच नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. पण ई-तिकिटाचा टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत भरावा लागतो. फलाटावर चहा पीत बसलात तर तेवढंच राहून जातं.