घर वेगळं, सेंटर वेगळं

गोव्यात येऊन रस्त्यावरच्या मुलांमध्ये सेवा करायची आहे, असं म्हणणारी जोडपी आम्हाला फोन करतात. नगरहून, जालन्याहून, कधी कोल्हापुराकडून. नंबर पास्टरांनी दिलेला असतो. बोलता बोलता एक प्रश्न हमखास येतो: "ताई, सुरुवातीला घरात किती मुलं ठेवून घेता येतील?" विचारणाऱ्याची कळकळ खरी असते. तरी माझं उत्तर ठरलेलं आहे. एकही नाही. मुलांसाठी जागा वेगळी बघा, तेच तुमचं सेंटर, एक खोली आणि एक मोरी असली तरी पुरे, आणि तुमचं बिऱ्हाड तिथून निदान दहा मिनिटं चालत जावं लागेल एवढ्या अंतरावर घ्या. आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं मडगावात असेच राहतो. बाकी जे काही सांगणार आहे ते ह्याच एका गोष्टीतून निघतं.

आधी मुलं कोण आहेत ते बघा. मडगाव स्टेशन, वास्कोचं बायणा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, कळंगुट-बागाचा किनारा, इथे दिसणारी बहुतेक मुलं अनाथ नसतात. आई किनाऱ्यावर माळा आणि पैंजण विकते, बाप बांधकामावर जातो, धाकटं पोर मोठीच्या कडेवर. कुटुंबं बरीचशी कर्नाटकातली, कोप्पळ, गदग, बागलकोट ह्या बाजूची. घरात कन्नड किंवा लमाणी, गिऱ्हाइकाशी हिंदी, कामापुरती कोंकणी आणि मराठी. अशा मुलाला उचलून आपल्या घरी आणणं म्हणजे त्याच्या आईकडून त्याला नेणं. म्हणून पहिले काही महिने सेंटर उघडूच नका. दुपारी ऊन चढतं तेव्हा बायका सावलीला टेकतात, त्या वेळी जाऊन बसा. "ऊट आयिता?", म्हणजे जेवण झालं का, एवढं कन्नडमध्ये विचारता आलं तरी बाई बाजूला सरकून जागा देते. तिचं गाव, तिची सासू, खोलीचं भाडं, मुकादमाकडून घेतलेली उचल, सगळं हळूहळू कळतं. पोराला सकाळी सेंटरवर सोडायचं की नाही हे ती ठरवणार आहे, तुम्ही नाही.

किनाऱ्याचा सीझन ऑक्टोबर ते मे. पाऊस लागायच्या आधी शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, उतरवतात आणि कितीतरी कुटुंबं पेरणीला गावी निघून जातात. नवीन आलेल्या जोडप्यांना जूनमध्ये वाटतं, काम मोडलं. मोडलेलं नसतं. पण ह्या दिवसांत मुलाच्या शाळेचे खाडे पडतात, त्यामुळे मे महिन्यातच आईशी बोलून ठेवा, गावातल्या शाळेचं नाव लिहून घ्या. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुसार वर्ग द्यावा लागतो. कधी कधी हे मुख्याध्यापकांना शांतपणे, हात जोडून, पण दोनदा सांगावं लागतं.

कायद्याचं आणखी. बालन्याय कायदा 2015 चा. मुलांना राहायला ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्याखाली नोंदणी लागते. एखादं मूल एकटं, हरवलेलं, सोडलेलं आढळलं तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. दत्तकाची रीतसर प्रक्रिया टाळून मूल घेणं-देणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही पवित्र असो. गोव्याचा स्वतःचाही बालकायदा आहे, 2003 चा. त्यात हॉटेलच्या खोलीत मुलाला फक्त त्याच्या घरच्यांबरोबर, नातेवाइकांबरोबर राहू देतात. तेव्हा सेंटरच्या पोरांना घेऊन लॉजवर मुक्काम करणारी शिबिरं काढू नका.

गोवा ह्या बाबतीत उगाच कडक झालेला नाही. मडगावातच एक माणूस अनाथ मुलांचा सांभाळ करतो म्हणून नावाजला होता. 1991 मध्ये त्याला अटक झाली, त्या घरात मुलांवर काय होत होतं ते बाहेर आलं, आणि 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच्याही ओठांवर सेवा हाच शब्द होता. म्हणून शेजारी, पोलीस, शाळेतल्या बाई आपल्याकडे आधी संशयाने बघतात, तेव्हा मला वाईट वाटत नाही. त्यांनी बघावंच. सेंटरचं दार दिवसभर उघडं ठेवा, खिडक्यांना पडदे लावू नका, कोणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही हा नियम भिंतीवर लिहा, आणि तो पास्टरांनाही लागू करा. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पंचांसमोर आपसात मिटवायची ही गोष्ट नाही.

आता घर.

देवाचं बोलावणं तुम्हाला आलं आहे. तुमच्या आठवीतल्या मुलीला कोणी विचारलेलं नाही. तिची शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, आजी सुटली, आणि इथे वर्गात सगळ्या कोंकणीत हसतात. त्यावर घरात रोज अनोळखी दहा पोरं आली, तिच्या पलंगावर बसली, तर ती तोंडाने काही बोलणार नाही. पाळकाची, म्हणजे पास्टरांची, मुलं बोलत नाहीत. ती जेवण कमी करते, नाहीतर भावावर ओरडते. आमच्याकडे म्हणून चार गोष्टी ठरलेल्या आहेत आणि त्या मोडत नाही. सेंटरचं मूल घरी येत नाही. मुलांचं काहीही, कपडे, पुस्तक, मोडकी सायकल, त्यांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, आणि "नाही" म्हटलं तर "येशूने काय शिकवलं?" हे वाक्य काढायचं नाही. रात्री आठ ते सकाळी सहा दोघांपैकी एकाचाच फोन चालू. आणि शनिवार संध्याकाळ घराची. त्या दिवशी कोणाचीही भेट, कसलीही मीटिंग नाही; पोदेराकडून, म्हणजे इथल्या पाववाल्याकडून, उंडे पाव आणतो, मुलं म्हणतील ते शिजतं, रात्री रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन म्हणून घरची उपासना. उपासनेत सेंटरमधल्या मुलांसाठी प्रार्थना होते, पण आधी आपल्या मुलांच्या गणिताच्या पेपरसाठी होते. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आपण सगळ्या मंडळ्यांमध्ये सांगतो. त्या अमेरिकेत व्याख्यानं देत फिरत होत्या तेव्हा त्यांची लहानगी मनोरमा आईपासून लांब, इंग्लंडात सिस्टरांकडे होती. पुढे तीच मनोरमा केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात आईचा आधार झाली, आणि 1921 मध्ये, आईच्या आधी, गेली. साक्ष देणारे आईच्या त्यागावर थांबतात. लेकीने ते दिवस कसे काढले असतील ह्याचा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि निर्णय घेताना तो मला धरून ठेवतो.

तुमची मुलं सेंटरवर येऊ शकतात, जरूर यावीत, पण पाहुणी म्हणून आणि त्यांच्या मर्जीने. लगोरी खेळायला आली तर खेळू द्या. त्यांना छोट्या शिक्षिका बनवू नका. रस्त्यावरची मुलं अशी गोष्ट लगेच ओळखतात आणि तुमच्या मुलाला छळतात, ते त्यांचं चुकत नाही.

सेंटरवरचं जेवण हा विषय लहान वाटतो, आहे मोठा. एक मुलगा होता, आठ-नऊ वर्षांचा असेल. उसळ-पाव असला की अर्धा पाव खायचा आणि उरलेला अर्धा शर्टाच्या आत, पोटाशी, चड्डीच्या इलास्टिकमध्ये अडकवायचा. वर शर्ट सारखा करायचा आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसायचा. उसळीचे डाग शर्टावर उमटायचे. बहीण घरी होती. आमच्याबरोबर काम करणाऱ्या मावशी त्याला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून निघताना प्रत्येक मुलाला कागदात बांधलेला एक पाव मिळू लागला. लपवणं आपोआप बंद झालं. जेवायला वाढताना एवढं पाळा: सगळ्यांना एकदम, बसवून, ताटात, रांगेत उभं करून हातावर नाही. जेवणाआधी आम्ही आमची प्रार्थना मराठीत म्हणतो. मुलांना डोळे मिटायला, हात जोडायला सांगत नाही. भुकेल्या मुलाकडून पोळीच्या बदल्यात प्रार्थना घ्यायची नाही, हे माझं ख्रिस्ती म्हणून ठाम मत आहे. त्याच्या आईने यल्लम्माचा भंडारा कपाळाला लावून पाठवलं असेल तर तो पुसायचा नाही.

रात्री दार वाजलं तर? वाजतं कधी तरी, कारण पोरं तुमचं घर शोधून काढतातच. एकट्याने दार उघडू नका, दोघांनी बाहेर या. पाणी द्या, खायला द्या, व्हरांड्यात दिव्याखाली बसवा. 1098 ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा, मारहाणीचं किंवा धोक्याचं प्रकरण असेल तर 112 ला. वेळ, मुलाने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत, कोणाशी बोललात, सगळं वहीत लिहा. फोनवरच्यांची वाट बघत तिथेच बसून राहा. माझी मुलगी एकदा आतून चादर घेऊन आली, देऊन परत झोपायला गेली. तिने तेवढंच करायचं असं आमचं आधीच बोलणं झालेलं होतं.

आरोग्याचं थोडक्यात: उवा आणि खरूज घरात येणार, लाज बाळगू नका. खरजेवर डॉक्टर बहुधा परमेथ्रिनचं मलम देतात. ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायांपर्यंत लावायचं, खाज असो वा नसो, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. एकट्यानेच लावलं तर ती घरभर फिरत राहते. सेंटरवरचे कपडे वेगळे ठेवा, घरी आल्यावर आधी आंघोळ. मुलांचं आणि तुमचं धनुर्वात, हिपॅटायटिस बीचं लसीकरण पूर्ण आहे का ते निघण्याआधी बघा. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्या मुलाला, आईला बरोबर घेऊन, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला न्या. मडगावात जिल्हा रुग्णालय आहे, लोक अजून त्याला हॉस्पिसियूच म्हणतात. पंक्चरचं सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलावर मात्र घरगुती उपाय नकोत, तिथे मानसोपचाराचे डॉक्टरच हवेत.

पैशाचं सरळ ठेवा. परदेशातल्या मंडळीने कामासाठी पैसे पाठवले तर ते तुमच्या वैयक्तिक खात्यात घ्यायचे नाहीत. त्यासाठी विदेशी योगदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी असलेली संस्था लागते. घरखर्च आणि सेंटरचा खर्च वेगळ्या वहीत, साबणाच्या वडीपर्यंत. प्रार्थनापत्रात, म्हणजे पाठिंबा देणाऱ्यांना पाठवायच्या पत्रात, मुलांचे चेहरे, नावं, ते बसतात ती जागा टाकू नका. समितीसमोर आलेल्या मुलाची ओळख छापणं तर कायद्यानेच मना आहे, पण बाकीच्यांचीही का टाकायची? रडणाऱ्या मुलाचा फोटो लावला की देणग्या वाढतात, हे मला माहीत आहे. आम्ही लावत नाही. मुलांनी काढलेली चित्रं पाठवतो.

परदेशातली कुटुंबंही इथे येतात, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. टुरिस्ट व्हिसावर मिशनचं काम करता येत नाही, त्याला वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. हे त्यांना आल्यावर नाही, येण्याआधी कळवा. दोन आठवड्यांसाठी आलेल्या कोणालाही मुलांना मांडीवर घेऊन बसवू नका. पोरं जीव लावतात, पाहुणे विमानाने जातात, आणि पुढचे आठ दिवस मावशींना सांभाळावं लागतं. अशा पाहुण्यांना भिंती रंगवायला द्या, हिशेब लिहायला द्या, भाजी निवडायला द्या. खरंच मदत करायला आलेला माणूस तेही आनंदाने करतो. भाड्याचं घर घेताना घरमालकाला सांगून पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणी करून घ्या, ते तुम्हालाही लागू आहे.

आणि दर वर्षी मे महिन्यात, गावी गेल्यावर, आम्ही आमच्या दोन्ही मुलांना वेगवेगळं बसवून विचारतो: पुढचं वर्ष गोव्यात काढायचं का, काय जड जातंय, काय बदलायला हवं. विचारायचं तर उत्तर मानायची तयारी ठेवूनच विचारा. वास्कोला दुसरं सेंटर काढायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं, जागाही बघून ठेवली होती. मुलगी म्हणाली, दहावी होईपर्यंत शाळा बदलायची नाही. आम्ही ते पुढे ढकललं. मंडळीला पत्र लिहून कळवलं आणि कारण म्हणून तिचंच म्हणणं लिहिलं, तिला वाचून दाखवून.