रशियन कादंबरी इंग्रजीतून वाचायची, तर आधी नावांची पट्टी करा

परभणीच्या मोंढ्यात मी आडतीवर मुनीम आहे. तूर-सोयाबीनचा हंगाम सरला की दुकानात निवांतपणा असतो, तेव्हा गल्ल्यामागे बसून जाडजूड रशियन कादंबऱ्या वाचतो. शिक्षण मराठी माध्यमातलं, वाचन इंग्रजीतून. शेजारच्या कोचिंगची पोरं विचारतात, "काका, एवढं इंग्रजी झेपतं का?" इंग्रजी झेपतं रे, माणूस अडकतो तो नावांत.

खरं तर आपण अडकायचं कारण नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आपल्या शाळेच्या हजेरीत होतं तेच. दोस्तोएव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'चा नायक रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजे रोमानचा मुलगा रोदिओन. त्याची बहीण अव्दोत्या रोमानोव्हना. घरात तो रोद्या, ती दून्या. फरक एवढाच, की तिकडे लग्न झालं तरी बाईच्या नावातून बाप जात नाही. अ‍ॅना आर्काद्येव्हना कारेनिना आणि स्तेपान आर्काद्येविच ओब्लोन्स्की ही टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कारेनिना'तली भावंडं, हे नुसत्या नावावरून ओळखता येतं. नाव आणि बापाचं नाव जोडून हाक मारली की तो मान. स्तेपानला नुसतं 'स्तिवा' म्हटलं की जवळचं माणूस. मी कोऱ्या पट्टीवर डावीकडे पूर्ण नाव आणि उजवीकडे लाडाचं नाव लिहितो, आणि तीच पट्टी पुस्तकात खूण म्हणून ठेवतो.

सुरुवात 'क्राइम अँड पनिशमेंट'पासून करा (1866). रशिया म्हटलं की बर्फ डोळ्यांसमोर येतो, पण ही गोष्ट जुलैच्या उकाड्यात सुरू होते, आपल्याला परकी वाटत नाही. पहिल्याच प्रकरणात रास्कोल्निकोव्ह बापाचं चांदीचं घड्याळ गहाण टाकायला जातो. मागतो चार रूबल, गहाण ठेवून घेणारी म्हातारी देते दीड. व्याज रूबलमागे महिन्याला दहा कोपेक, तेही आगाऊ. शंभर कोपेकचा रूबल, म्हणजे झालं शेकडा दहा महिना! आधीच्या दोन रूबलांचंही व्याज कापून ती त्याच्या हातावर एक रूबल पंधरा कोपेक टेकवते. हा हिशोब मी पेन्सिलीनं करून पाहिला, चोख आहे. आकडा दिसला की थांबून मांडून बघा. कोण किती नडलेला आहे ते तिथंच कळतं.

गोगोलच्या 'डेड सोल्स'मध्येही (1842) तसंच. जनगणनेच्या यादीत जिवंत असलेले मेलेले भूदास (जमीनदाराच्या मालकीची शेतावरची माणसं) कादंबरीचा नायक चिचिकोव्ह विकत घेतो, का तर त्यांच्यावर कर्ज उचलायला. मयताच्या नावावरचं कर्ज म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता अनुवादक. विकत घेण्याआधी आतल्या पानावर त्याचं नाव बघा. नाव छापलेलं नसेल किंवा 'अब्रिज्ड' (म्हणजे कापून लहान केलेलं) लिहिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. कॉन्स्टन्स गार्नेटबाईंचे (1861–1946) अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतात, मोबाइलवरही वाचता येतात. त्यांचा टॉलस्टॉय आणि दोस्तोएव्हस्की एकाच आवाजात बोलतात अशी जुनी तक्रार आहे, आणि ती अगदी खोटी नाही. तरी पहिल्या वाचनाला मी त्यांचेच अनुवाद देईन, कारण वाक्य सरळ चालतं. पेव्हियर आणि वोलोखोन्स्की हे नवरा-बायको मूळ रशियन वाक्याला चिकटून राहतात, त्यामुळे अधूनमधून खडे लागतात. दोन्ही ताडून बघायचे तर 'क्राइम अँड पनिशमेंट'चं पहिलं पान घेऊ नका, दुसरं प्रकरण घ्या. त्यात दारूच्या गुत्त्यात मार्मेलादोव्ह पानंच्या पानं बोलत सुटतो. ज्या अनुवादात तो पिऊन बोलतोय असं ऐकू येईल, तो घ्या.

'वॉर अँड पीस' सगळ्यात शेवटी. पेव्हियर-वोलोखोन्स्कींनी त्यातलं पात्रांच्या तोंडचं फ्रेंच तसंच ठेवून तळटीपा दिल्यात. पहिल्याच पानावर नजर खाली-वर करून मान दुखते. टॉलस्टॉयच्या ओळखीतल्या लुईस आणि एल्मर मॉड या जोडप्याच्या जुन्या अनुवादात बहुतेक फ्रेंच इंग्रजीतच येतं, तो बरा. लढाया घाईनं वाचू नका. शेवटी दोन उपसंहार आहेत. दुसरा म्हणजे इतिहासावरचं व्याख्यान, तो खुशाल सोडा. नताशा आणि पियेरच्या संसाराचं काय झालं, ते पहिल्यातच आहे.