बुटावर वाळलेला रंग काढायचाय? थिनर जरा बाजूला ठेवा

गणपतीच्या आधी घराचं पेंटिंग, दिवाळीला पोरांचा किल्ला, शिवजयंतीला चित्ररथाची गडबड, बेळगावात कुणाच्या ना कुणाच्या बुटावर रंग पडलेला असतोयच की. आणि घरातलं कोणतरी लगेच म्हणतंय, थिनर लाव जातंय. रंग जातोय खरं, त्याच्याबरोबर बुटाचा रंगपण जातोय आणि सोलचा गमपण सुटतोय.

आधी रंग कुठला ते बघा. भिंतीचा इमल्शन, डिस्टेंपर, ऍक्रेलिक हे पाण्यातले, आणि ग्रिल-दरवाजाचा तो ऑइलपेंट. डबा कुठं गेला माहीत नसंल तर कापसाला सॅनिटायझर लावून डागाच्या कडेला मिनिटभर दाबून धरा, डाग चिकट झाला, कापसावर रंग आला तर पाण्यातला, काहीच झालं नाही तर बहुतेक ऑइलपेंट. पण त्याआधी बुटाच्या आतल्या बाजूला जरा लावून बघा, कापसावर बुटाचाच रंग यायला लागला तर सॅनिटायझर बंद.

आता खरं काम, ते कोरडंच करायचं. बूट वाकवला की कॅनव्हासवरच्या जाड रंगाला तडे जातात, मग जुनं एटीएम कार्ड नाहीतर आइस्क्रीमची लाकडी काडी आडवी धरून पापुद्रे उचलायचे, ब्लेड घेऊ नका. इमल्शन रबरासारखा ताणला जात असंल तर बूट पिशवीत बांधून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, थंडीनं तो कडक होऊन तुटतोय (आईला सांगून ठेवा नाहीतर वेगळाच तमाशा). निम्म्याच्या वर रंग इथंच निघतोय, म्हणून इथं घाई नको.

राहिलेल्याला, कॅनव्हास असंल तर, आत जुनं फडकं कोंबा आणि कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून जुन्या टूथब्रशनं डागाच्या कडेकडनं मध्ये घासा, मधनं बाहेर घासलं तर डाग पसरतोय. तरी राहिलं तर सॅनिटायझर लावून टिपायचं, दर वेळी कापसाची स्वच्छ बाजू. उकळतं पाणी नको, गम सुटतोय. चुन्याचा डाग असंल तर साधं व्हिनेगर पुरतंय, चुना त्यात विरघळतोय, पण हे कॅनव्हासलाच, चामड्याला नको.

ऑइलपेंट ताजा, एक-दोन दिवसांचा असंल तर हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाईन मिळतंय, ते कापसावर घेऊन टिपा आणि मग साबणानं धुवा. महिनाभर जुना असंल तर टर्पेंटाईननं फार काही होत नाही, खरवडून निघंल तेवढा काढायचा आणि गप्प बसायचं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा ऍसिटोन असतंय, ते रेक्झिनला लावलं की वरचा थरच निघून येतोय. रेक्झिनला साबणपाणी आणि भरपूर पेशन्स. स्वेडला, म्हणजे मखमलीसारख्या चामड्याला, फक्त कोरडा ब्रश. पॉलिशच्या काळ्या बुटावर डागाला थोडं खोबरेल लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, नखानं उचला, पुसा आणि वरनं पॉलिश मारा, कळतपण नाही.

कोल्हापुरी चप्पल असंल तर सगळं वेगळं. आमच्या अथणी-निपाणीकडं पण ती बनतेच, 2019 ला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा दोन्हीकडच्या आठ जिल्ह्यांना. तिचं चामडं झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, वर प्लास्टिकसारखा थर नसतोय, त्यामुळं जे ओतंल ते आत जातंय, पाण्यानंसुद्धा काळे डाग पडतात आणि थिनरनं चामडं कडक होतंय. तिला एक थेंब लावू नका. नखानं पापुद्रे, वेणीत अडकलेला रंग सुईच्या टोकानं, आणि उरलेल्यासाठी चप्पल दुरुस्त करणाऱ्या मामांकडं द्या, ते त्याच शेडचा रंग लावून देतात.

वाळवायला सावली आणि फॅन, पावसाळ्यात तर दोन दिवस धराच. आत कागद भरा, पण पांढऱ्या बुटात पेपर नको, शाई लागते, कोरा कागद घ्या. आणि टर्पेंटाईन लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, गॅसपासनं लांब, बाहेर दोरीवर पसरून सुटी वाळू दे.