व्हाइट क्लाउड मिनोसाठी टाकी कशी लावावी

जेमतेम चार सेंटिमीटरचा हा मासा मूळचा दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला. बाययुन डोंगरावरच्या ओढ्यांतल्या या माशाची शास्त्रीय नोंद १९३२ साली झाली. पाणी थंड, नितळ, संथ आणि काठाला दाट पाणवनस्पती. टाकी लावताना हेच डोळ्यांपुढे ठेवा.

पहिली गोष्ट, हीटर नको. १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवतं. बरेच जण त्याला २७-२८ अंशांच्या टाकीत डिस्कस या गरम पाण्यातल्या माशासोबत सोडतात, ते मला मुळीच पटत नाही. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी आणि थंड ओढ्यातल्या या जिवाची तिथे दमछाक होते. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून लांब ठेवा, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा वारा घालेल असा लावा.

टाकी उंच नको, लांब हवी. तळाला बारीक गडद वाळू, मागे झुडपासारख्या वनस्पती, पुढे पोहायला मोकळी जागा. फिल्टरचा झोत हलका ठेवा. झाकण मात्र हवंच, हा मासा उडी मारतो.

किमान आठ-दहा तरी एकत्र ठेवा. थव्यात असले की नर पंख पसरून एकमेकांपुढे मिरवतात, लाल शेपट्या अशा खुलतात की नजर हटत नाही!

जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झुबकेदार रोप) भरपूर असेल तर अंडी त्यातच पडतात. पिल्लांना सुरुवातीला इन्फुसोरिया म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव द्या, आर्टेमिया म्हणजे कोळंबीसारखे चिमुकले जीव नंतर.